मचवा, चंद्र आणि बीजगणित

अंतर, वेग आणि काल यांचीं उदाहरणें मुलांस रुक्ष वाटतात. पण त्यांची परंपरा फार जुनी आहे. आर्यभटीय हा ग्रंथ इ. स. 499 च्या सुमाराचा. दोन पदार्थ समोरासमोर येत असतील तर त्यांमधील अंतरास वेगांच्या बेरजेनें, आणि एकाच दिशेनें जात असतील तर वजाबाकीनें भागावें, म्हणजे भेटीचा काल निघतो, असें त्यांत सांगितलें आहे. पुढें भास्कराचार्यांनीं अज्ञात राशीस 'यावत्तावत्' म्हटलें. आपण तिलाच 'क्ष' म्हणतों.

रेवदंड्याच्या खाडींतील एक मचवा घेऊं. त्याचा वेग ताशीं 4 मैल, प्रवाहाचा 1 मैल. प्रवाहाविरुद्ध वर जाऊन प्रवाहाबरोबर परत येण्यास 8 तास लागले, तर वरचें गांव किती दूर? जातांना वेग 3, येतांना 5. म्हणून क्ष/3 आणि क्ष/5 यांची बेरीज 8. म्हणजेच 8 क्ष = 120, आणि क्ष = 15 मैल. गणित चोख आहे. परंतु तांडेल हंसेल. खाडींत सुमारें सहा तासांनीं पाणी फिरतें. भरतीबरोबर वर जाऊन ओहोटीबरोबर परतणारास हेच 30 मैल 6 तासांत आटोपतात. रीत बदलली नाहीं. तींत घातलेला वेग बदलला.

अलिबागेजवळील नागांवच्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं आकाशाच्या बाबतींत हेंच ओळखलें. चंद्राची मध्यम दिनगति 790 कला 35 विकला, सूर्याची 59 कला 8 विकला. दोघेही एकाच दिशेचे वाटसरू. वजाबाकी 731 कला 27 विकला. वर्तुळाच्या 21600 कलांस तिनें भागलें कीं 29.53 दिवस, म्हणजे अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा मध्यम काल मिळतो. पण या गती रोज कमीजास्त होतात, आणि जुन्या ग्रंथांवरून केलेल्या पंचांगांचा आकाशाशीं मेळ बसेनासा झाला होता. म्हणून केरूनानांनीं 1860 मध्यें 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि 1865 पासून नवें पंचांग काढलें. तेंच पटवर्धनी पंचांग होय.

तिथी सरकली कीं व्रत आणि सण सरकतात. म्हणून लोकांस तें सहज पटलें नाहीं. 1884 त केरूनाना वारले. पुढें त्यांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक यांनीं पंचांगशुद्धीचा पक्ष उचलून धरला. आमच्या मतें, मुलांस हीं उदाहरणें शिकवितांना उत्तराबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा: हा वेग कोणीं, केव्हां मोजला?