लग्नातली अंगठी

भिलाईतल्या वैशाली नगरातल्या घरी तुम्ही लग्नातली अंगठी घालून पाहताय. साबण लावला, तेल लावलं, तरी ती पेरापुढे सरकत नाही. चपलाही यंदा एक नंबर मोठ्या लागल्या. घरचे म्हणतात, वय झालं.

अल्बम उघडा. मैत्री बागेतल्या सहलीच्या फोटोत नाक जरा रुंद दिसतंय. मागे जा. बारशाच्या फोटोत ओठ आत्ताइतके जाड नाहीत. लग्नात तर जबडा निमुळता, दातांत फट नाही. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हा बदल कळतच नाही. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिच्यात गाठ झालीय आणि तिथून ग्रोथ हॉर्मोन वर्षानुवर्षं जास्तीचं पाझरतंय.

आणखी मागे चला. भिलाईची 1959 सालची पहिली झोतभट्टीही अजून पेटलेली नाही. 16 मार्च 1907, ऑस्ट्रियातलं इन्सब्रुक. तुम्ही दाराशी उभे आहात. सर्जन हर्मान श्लोफर रुग्णाचं नाक बाजूला वळवून आत उतरतात. एमआरआय नाही, अँटिबायोटिक नाही. तरी ते पिट्युटरीच्या गाठीपर्यंत पोचतात. अडीच महिन्यांनी रुग्ण दगावतो. पण ही वाट त्याच्यामुळेच उघडली, हे विसरू नका.

अमेरिकेत हार्वी कुशिंग 1910 ते 1925 दरम्यान वरच्या ओठाखालून 231 शस्त्रक्रिया करतात. शंभरात पाच-सहा रुग्ण जातात. पुढे तेच कवटी उघडण्याकडे वळतात. एडिंबराचे नॉर्मन डॉट मात्र नाकाची वाट सोडत नाहीत. त्यांच्याकडून ती पॅरिसच्या गियोंकडे जाते, त्यांच्याकडून माँट्रियालच्या हार्डींकडे. हार्डी 1960च्या दशकात या शस्त्रक्रियेत मायक्रोस्कोप आणतात.

आता आजच्या टेबलावर तुम्ही आहात. एंडोस्कोप नाकपुडीतून जातो. केस कापलेले नाहीत, चेहऱ्यावर टाका नाही. शुद्धीवर येता तेव्हा नाक बंद, तोंड कोरडं. सिस्टर प्रत्येक वेळची लघवी मोजते, कारण याच ग्रंथीवर शरीरातल्या पाण्याचा तोल अवलंबून असतो. नाक शिंकरायचं नाही, वाकायचं नाही.

काही दिवसांत बोटांची सूज उतरते. जबडा मात्र पूर्ववत होत नाही, वाढलेलं हाड तसंच राहतं. तीन महिन्यांनी रक्तात आयजीएफ-वन, म्हणजे ग्रोथ हॉर्मोनचं प्रमाण दाखवणारा घटक, तपासतात. गाठ लहान असताना काढली तर बहुतेकांचं हॉर्मोन ताळ्यावर येतं. ती मोठी होऊन बाजूच्या रक्तवाहिनीभोवती पसरली असेल, तर इंजेक्शनं किंवा रेडिएशन लागू शकतं. ग्रंथीचं काम कमी पडलं तर काहींना रोजची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी जन्मभर घ्यावी लागते.

म्हणून अंगठी आज घालून पाहा. ती अडली, तर डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टांच्या पिशवीत दहा वर्षांपूर्वीचा एक फोटोही ठेवा.