बुडबुडा का रेंगाळतो?

पाण्याने भरलेल्या उभ्या नळीच्या तळाशी हवेचा अगदी बारीक बुडबुडा सोडला, तर तो किती वेगाने वर येईल? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

१८५१ साली जॉर्ज स्टोक्स यांनी द्रवातून संथपणे जाणाऱ्या टणक गोळीच्या वेगाचे सूत्र दिले. बुडबुडा मात्र टणक नसतो. त्याचा पृष्ठभाग पाण्याबरोबर सरकतो, म्हणून विरोध कमी होतो. १९११ मध्ये आदामार आणि रिबचिन्स्की यांनी स्वतंत्रपणे गणित मांडले. त्यानुसार बुडबुड्याचा वेग टणक गोळीच्या दीडपट हवा होता. प्रयोगात मात्र बारीक बुडबुडे बहुधा टणक गोळीसारखेच वागत. मग चूक कोणाची, गणिताची की प्रयोगाची?

दोष पाण्याचा होता! १९४७ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ फ्रुमकिन आणि लेविच यांनी याची उकल केली. पाण्यात साबणासारख्या पृष्ठसक्रिय पदार्थांचा अंश असतोच. हे रेणू बुडबुड्याच्या पृष्ठभागावर बसतात. बुडबुडा वर जाताना ते मागे ढकलले जाऊन तळाशी गर्दी करतात. तिथला पृष्ठताण कमी होतो, माथ्याकडचा जास्त राहतो. हा फरक पृष्ठभागाला माथ्याकडे ओढतो आणि त्याचे सरकणे थांबते. बुडबुडा जणू टणक होतो.

आता उलटी गोष्ट पाहू. नैसर्गिक वायूच्या विहिरीत वायूबरोबर पाणीही वर येते. विहिरीतला दाब ओसरला की वायूचा वेग कमी होतो, पाणी तळाशी साचते आणि शेवटी विहीर बंद पडते. १९६९ मध्ये टर्नर, हबर्ड आणि डकलर यांनी पाण्याचे थेंब वर नेण्यासाठी वायूचा किमान वेग किती हवा, याचे सूत्र मांडले. हा वेग पृष्ठताणाच्या चतुर्थमूळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे पृष्ठताण निम्मा केला, तरी वेग फक्त १६ टक्के कमी पुरतो. तरीही विहिरीत साबणाच्या कांड्या टाकतात, त्या का? कारण पाण्याचा फेस होतो. फेस हलका असतो, म्हणून मंद वायूही त्याला वर नेतो.

वर्गात हे सहज दाखवता येईल. उंच, अरुंद बाटलीच्या तळाशी थोडे पाणी घेऊन नळीने हळूहळू फुंका. साधे पाणी नुसते खळखळते. साबणाचे थेंब टाकले, की फेस तोंडापर्यंत चढतो. साबण बुडबुड्याला अडवतो, पण पाण्याला वर चढवतो. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारू या.