माळवद

माळवद (धाबे) : लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छत. मध्ययुगापासून अगदी परवापरवापर्यंत जालना जिल्ह्यातली घरे, वाडे आणि गढ्या याच छताखाली नांदल्या.

देवळांची गोष्ट वेगळी. भोकरदन तालुक्यातील अन्वा येथील यादवकालीन शिवमंदिरात खांबांवर दगडी थर एकेक पुढे सरकवत मंडपाचा घुमट मिटवला आहे. एवढा दगड घडवणे राजाश्रयालाच परवडे. कुणब्याच्या घरावर मातीच चढे.

खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, त्यांवर किलचांची (लाकडाच्या बारीक चिपांची) दाट आडवण, मग पाला, चिखल आणि सर्वांत वर पांढरी किंवा खारी माती. ही निवड फार जाणतेपणाची होती. काळी माती उन्हाने भेगाळते, तिचा छताला उपयोग नाही. खाऱ्या मातीतले सोडियमयुक्त कण मात्र पहिल्या सरीतच फुगतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच्या वर पन्हळीकडे वाहून जाते. पांढरी माती जुन्या वस्त्यांच्या टेकाडांतून खणून आणत. म्हणजे एका पिढीच्या पडक्या भिंती पुढच्या पिढीच्या डोक्यावर चढत.

उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी छतात साणे ठेवत. दुपारी त्यातून उतरलेला उन्हाचा कवडसा सारवलेल्या जमिनीवरून हळूहळू सरके, आणि बाया त्यावरून वेळ सांगत.

तेर, नेवासे येथील उत्खननांत सातवाहनकाळातली भाजकी कौले मिळाली आहेत. तेव्हा कौल या मुलखाला अनोळखी नव्हते. तरी खेड्यांनी माळवद धरले, कारण वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पावसाला ते पुरते आणि वैशाखातही घर गार राहते. शिवाय वाळवणाला आणि उन्हाळ्यात निजायला वर ऐसपैस जागा.

माळवदाला दरवर्षी हात लावावा लागतो. मृगाआधी गवत उपटायचे, भेगा बुजवायच्या, नवी माती पसरून चोपायची. भर पावसात गळले, तर घरातले कोणीतरी गोणपाटाची खोळ घेऊन वर जाई आणि गळती पायाने दाबून येई.

जुनी माती न खरवडता नवी टाकत गेल्याने छताचे ओझे मात्र वाढत गेले. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या कच्च्या भिंती ढासळल्या आणि अशीच जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्ती बसली. पत्रे आणि सिमेंटचे स्लॅब भराभर आले, जुन्या वाड्यांच्या सागवानी तुळया उतरवून विकल्या गेल्या.