तळटीप : पिशवीवरची शाई

१. छापील पिशवी : कवठे महांकाळकडचा बेदाणा ज्या पॉलिथिनमधून विकला जातो, ते मुळात पाण्याला दाद देत नाही. कोऱ्या पिशवीवर थेंब गोळा होऊन बसतो. स्पर्शकोन ९५ अंशांच्या आसपास. शाईचीही तीच गत, नखाने खरवडली की पापुद्रा निघतो. म्हणून छपाईआधी फिल्मवर उच्च दाबाच्या विजेचा ‘कोरोना’ मारा करतात (साथीशी संबंध नाही). पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात, पृष्ठऊर्जा सुमारे ३१ वरून ३८ डाइन प्रतिसेंमीच्या पुढे जाते आणि थेंब पसरट होतो. बदल वरच्या काही नॅनोमीटरांपुरताच. फिल्म पडून राहिली की तो ओसरतो. लेखकाने दोष शाईला दिला आहे. तो बहुधा शिळ्या फिल्मचा असावा. – संपा.