विद्यापीठांचा खर्च : राज्याचा वाटा, शहराचा वाटा

करावे हे नवी मुंबईतील आगरी-कोळ्यांचे जुने गाव. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर ज्या ९५ गावांच्या जमिनींवर हे शहर उभे राहिले, त्यांपैकी ते एक. जमीन स्थानिकांची, कर शहरवासीयांचा. मग येथील मुलांच्या उच्च शिक्षणात शहराचा वाटा किती?

कायद्यातील विभागणी

विद्यापीठे स्थापन करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाला आहे. मुंबई विद्यापीठासह राज्यातील विद्यापीठांना २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे. मान्य पदांच्या वेतनाचा मुख्य भार राज्य शासन अनुदानातून उचलते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या 'रुसा' योजनेत केंद्र व राज्याचा वाटा ६०:४० असा ठरला. त्यात महापालिकांसाठी स्वतंत्र हिस्सा नव्हता. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य, तर त्यापुढील शिक्षणाला साहाय्य ही ऐच्छिक बाब आहे.

मुंबईचा मार्ग

ही ऐच्छिक जबाबदारी मुंबई महापालिकेने वैद्यकीय शिक्षणात स्वीकारली. परळ येथे १९२६ मध्ये केईएम रुग्णालय व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महाविद्यालयासाठी देणगी मिळाली, ती अध्यापक भारतीयच असावेत या अटीवर. पुढे नायर आणि शीव येथील महाविद्यालयेही पालिकेने चालविली. येथे रुग्णालय व अध्यापकांचा खर्च शहराचा, तर पदवी राज्याच्या विद्यापीठाची. १९९८ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ ती देते. ठाणे महापालिकेनेही कळव्यात १९९२ मध्ये असेच महाविद्यालय काढले.

न्यूयॉर्कचा अनुभव

न्यूयॉर्कमध्ये १८४७ पासून शहराच्या महाविद्यालयात शिक्षण विनाशुल्क होते. १९६१ मध्ये अशा महाविद्यालयांचे मिळून नगर विद्यापीठ झाले. १९७५ च्या सुमारास शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ मध्ये शुल्क लागू करावे लागले. त्यानंतर चार वर्षांच्या पदवी महाविद्यालयांचा मोठा भार राज्याने घेतला.

यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. शहराचा पैसा शिक्षण स्वस्त करू शकतो. मात्र तो एका अर्थसंकल्पाच्या मर्जीवर राहिला, तर तूट विद्यार्थ्याच्या शुल्कातून भरली जाते. करावेसारख्या गावातील मुलांना भागीदारीचा लाभ कायम मिळायचा असेल, तर जमीन, वेतन व देखभाल यांतील प्रत्येकाचा वाटा लेखी ठरलेला असणे आवश्यक आहे.