‘बुली व्हिपेट’: श्वानाच्या असाधारण स्नायुबळामागील जनुक

व्हिपेट ही इंग्लंडमध्ये विकसित झालेली, शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेली सडपातळ श्वानजात आहे. निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब, काटक पाय ही तिची ओळख. मात्र याच जातीत कधी कधी रुंद छातीचे, जाड मानेचे आणि फुगीर मांड्यांचे श्वान आढळते. विशेष आहार किंवा व्यायामाशिवाय लाभलेल्या या देहयष्टीमुळे अशा श्वानांना ‘बुली व्हिपेट’ म्हटले जाते. हे नाव शरीरावरून पडले आहे. त्याचा स्वभावातील आक्रमकतेशी संबंध नाही.

या वैशिष्ट्याचे कारण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील इलेन ऑस्ट्रँडर यांच्या संशोधकगटाने २००७ मध्ये स्पष्ट केले. स्नायूंमध्ये तयार होणारे ‘मायोस्टॅटिन’ हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. बुली व्हिपेटमध्ये या प्रथिनाच्या जनुकातील दोन घटक गळालेले असतात. परिणामी प्रथिन अपुरे बनते, लगाम सुटतो आणि स्नायूंची बेसुमार वाढ होते. मायोस्टॅटिनचे हे कार्य १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून प्रथम समोर आले होते. ‘बेल्जियन ब्ल्यू’ या गोवंशाच्या पिळदार शरीरामागेही याच जनुकातील, पण वेगळा बदल आहे.

प्रत्येक श्वानाला या जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक पित्याकडून मिळते. दोन्ही प्रती सदोष असल्यास श्वान ‘बुली’ होते. एकच प्रत सदोष असल्यास ते किंचित अधिक भरदार होते आणि अनेकदा अधिक वेगवान ठरते. शर्यतींच्या अव्वल श्रेणीतील व्हिपेटमध्ये अशा वाहकांचे प्रमाण अधिक असल्याचे याच अभ्यासात आढळले. म्हणजेच, वेगासाठी निवड करताना पैदासकार नकळत सदोष जनुकाचीही निवड करीत होते. दोन वाहकांच्या संकरातून जन्मणाऱ्या प्रत्येक पिल्लाला ‘बुली’ होण्याची शक्यता २५ टक्के असते.

बुली व्हिपेटना खांदे व मांड्यांमध्ये पेटके येण्याचा त्रास होऊ शकतो. जातीच्या निकषांत न बसल्याने अशी पिल्ले अनेकदा मारून टाकली जात. आता डीएनए चाचणीने वाहक ओळखता येतात. वाहकाचा संकर दोषमुक्त श्वानाशी केल्यास काही पिल्ले वाहक होऊ शकतात. परंतु ‘बुली’ पिल्लू जन्मत नाही.

प्रत्येक पिळदार श्वानामागे मात्र हेच कारण नसते. ग्रेहाउंड किंवा मॅस्टिफसारख्या जातींच्या तपासणीत हा बदल आढळला नाही. भारदस्त जातींची शरीरयष्टी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडली आहे. मिनिएचर श्नाउझर जातीत ‘मायोटोनिया’ या आनुवंशिक विकारामुळेही स्नायू फुगलेले दिसतात. त्यात आकुंचन पावलेले स्नायू लवकर सैल होत नाहीत आणि चाल ताठर होते. स्टेरॉइडच्या वापरानेही स्नायू वाढू शकतात. त्यामुळे फुगीर स्नायूंसोबत ताठरपणा, अशक्तपणा किंवा वेदना दिसल्यास ते बळाचे लक्षण न मानता पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.

चीनमधील ग्वांगझू येथील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये जनुकसंपादनाद्वारे मायोस्टॅटिन निष्क्रिय केलेले बीगल श्वान जन्माला घातल्याचे जाहीर केले. त्यामुळे निसर्गात अपघाताने घडलेला हा बदल प्रयोगशाळेत हेतुपुरस्सर घडवता येतो, हे सिद्ध झाले. अशा बळाची किंमत प्राण्याला मोजावी लागणार नाही, याची जबाबदारीही त्यासोबत माणसावर आली आहे.