आगाशिवच्या डोंगरावरील दोन नावे

१/ वार्षिक परीक्षा संपल्या की मलकापूरच्या मुलांचे पाय आपोआप आगाशिवच्या डोंगराकडे वळतात. शिवमंदिराच्या पायऱ्या, करवंदीच्या जाळ्या आणि कातळात कोरलेल्या अंधाऱ्या खोल्या : उन्हाळी सुट्टीच्या पहिल्या मोहिमेला याहून अधिक काय हवे? पण या खोल्या कोणी कोरल्या, आणि कशासाठी?

२/ कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाड हे प्राचीन ‘करहाकट’ नगर. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपावर करहाकटच्या निगमाने, म्हणजे नगरातील संघटित नागरिकांनी, दिलेल्या दानाचा लेख आहे. शेकडो कोस दूरच्या स्तूपाला दान देणारे हे नगर त्या काळी किती संपन्न असेल, याची यावरून कल्पना यावी.

३/ अशा नगराच्या परिसरात भिक्षूंसाठी निवास उभे राहणे स्वाभाविक होते. आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांचे मुख्य गट तीन : एक जखिणवाडीच्या अंगाला, दुसरा आग्नेयेकडील सोंडेवर आणि तिसरा कोयनेच्या खोऱ्याकडे. सर्वसाधारणपणे ती इसवी सनाच्या आगेमागच्या शतकांतील मानली जातात.

४/ येथे कार्ल्याची भव्यता नाही. बहुतेक लेणी लहान व साधी आहेत : पुढे ओसरी, आत खोली, झोपण्यासाठी दगडी ओटा. काही ठिकाणी पूजेसाठी स्तूप. जखिणवाडीकडील एका चैत्यगृहाच्या दर्शनी भागी मात्र चक्र आणि सिंह कोरलेले दिसतात.

५/ लेण्यांजवळ पाण्याची टाकी खोदलेली आढळतात, त्यांना ‘पोढी’ म्हणतात. पावसाचे पाणी कातळात साठवून वर्षभर पुरवायचे, ही त्यामागची योजना. आज चोवीस तास पाणीपुरवठ्यासाठी नावाजलेल्या मलकापूरच्या शेजारीच पाण्याच्या नियोजनाचा हा दोन सहस्रकांचा धडा उभा आहे.

६/ एक गंमत पाहा. विनयाच्या नियमाप्रमाणे भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहायचे, तो ‘वर्षावास’. उरलेल्या काळात गावोगाव फिरायचे, ती ‘चारिका’. म्हणजे आज मुले ज्या ऋतूत डोंगर चढतात, तो भिक्षूंचा डोंगर उतरून वाटेला लागण्याचा ऋतू होता. पुढे अनेक ठिकाणी कायमची वस्ती झाली, तरी लेण्यांचे मूळ प्रयोजन पावसाशी बांधलेले होते.

७/ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास साताऱ्यात अधिकारी असलेल्या बार्टल फ्रिअर यांनी या लेण्यांविषयी टिपण लिहिले. पुढे जेम्स बर्जेस यांनी त्यांची क्रमवार नोंद केली. एवढ्या लेण्यांत वाचता येण्याजोगा एक दानलेख मिळाला. तो सांगतो : गोपालाचा पुत्र संघमित्र याने हे लेणे दान दिले.

८/ संघमित्र कोण होता? व्यापारी, कारागीर की गृहस्थ उपासक? लेख तेवढे सांगत नाही. त्याचे चरित्र नाही, चित्र नाही. त्याच्याविषयी जे काही उरले आहे, ते त्या झिजलेल्या अक्षरांत आहे.

९/ म्हणूनच त्या डोंगरावर कोळशाने किंवा टोकदार दगडाने लिहिलेले दुसरे नाव खटकते. संघमित्राचे नाव भिंतीवर आले, कारण त्याने लेणे दिले. सहलीला आलेल्याचे नाव काहीच देत नाही, उलट खालचा पुरावा पुसते. झीज झालेल्या कातळावरील फिकट अक्षर आणि साधा ओरखडा यांतला फरक अभ्यासकालाही सहज कळत नाही. एका ओरखड्याखाली एखादा संघमित्र कायमचा हरवू शकतो.

१०/ संरक्षित स्मारकाचे विद्रूपीकरण हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यान्वये गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु प्रत्येक लेण्यापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. तेथे रोज पोहोचतात ती पायथ्याच्या गावांतील मुलेच.

११/ तेव्हा या सुट्टीत आगाशिव चढणाऱ्यांनी पहाटे निघावे, पाणी सोबत न्यावे, आग्यामोहोळ दिसल्यास वाट बदलावी. ओसरी मोजाव्या, पोढी शोधाव्या, वहीत आराखडा काढावा. नाव लिहायचेच असेल तर त्या आराखड्याखाली लिहावे. डोंगराची नोंद करणाऱ्यांच्या यादीत ते शोभून दिसेल.